लसीची निळी पेटी: दोन व्हॅक्सिन कॅरिअरांचे परीक्षण

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाड्यावरच्या अंगणवाडीत लस ज्या निळ्या पेटीतून जाते, तिला डॉक्टरांपासून आशाताईंपर्यंत सगळेजण व्हॅक्सिन कॅरिअरच म्हणतात. पल्स पोलिओच्या रविवारी खांद्याला पट्टा लावून दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्तीजवळ ती बहुतेकांनी पाहिलेली असते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम करताना गेली चौदा वर्षे अशा पेट्या सकाळी भरून देणे आणि संध्याकाळी परत घेणे हा माझ्या नेमणुकीचा भाग आहे. गेले वर्षभर नेहमीच्या पेट्यांबरोबर ‘फ्रीझ-फ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या प्रकारच्या दोन पेट्याही मी वापरून पाहिल्या. खासगी बालरुग्णालयासाठी पेटी विकत घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना, माझ्यासारखेच लसींचा साठा सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना आणि मेडिकलमधून लस घेऊन ती बर्फाच्या पिशवीतून दवाखान्यात नेणाऱ्या पालकांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कोणत्याही कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण या दोन प्रकारांतला फरक मुळात रचनेचा आहे.

पेटीचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम भारतात १९८५ साली सुरू झाला. उत्पादकाकडून निघालेली लस राज्याच्या, विभागाच्या आणि जिल्ह्याच्या भांडारातून टप्प्याटप्प्याने आमच्यापर्यंत येते. या प्रत्येक टप्प्यावर शीतगृह किंवा आयएलआर, म्हणजे आतून बर्फाचे अस्तर असलेला आणि वरून उघडणारा फ्रिज असतो. तो वीज गेली तरी अनेक तास दोन ते आठ अंशांच्या आत राहतो. २०१५ पासून ‘ई-विन’ ही संगणकीय व्यवस्था आल्यावर आयएलआरमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र बसले आणि साठ्याची नोंद मोबाइलवर होऊ लागली. तापमान मर्यादेबाहेर गेले की संदेश येतो. मध्यरात्री तसा संदेश आल्यावर टॉर्च घेऊन केंद्रात जाऊन जनरेटर सुरू करण्याची वेळ माझ्यावर दोन-तीनदा आली आहे, आणि त्या यंत्रामुळे वाचलेल्या साठ्याची मला मनापासून किंमत आहे. पूर्वी सकाळी आणि संध्याकाळी थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहायचा, एवढीच सोय होती. मधल्या बारा तासांत काय झाले ते कोणालाच कळत नसे.

ही सगळी देखरेख आयएलआरचे झाकण उघडून कुप्या बाहेर काढल्या की संपते. तिथून पुढचा आठ, दहा, कधी अठरा किलोमीटरचा रस्ता आणि अंगणवाडीच्या ओट्यावरचे चार-पाच तास लस फक्त या पेटीच्या हवाली असते. पेटीला वीज लागत नाही, तिला सिम कार्ड नसते आणि आत काय घडते ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच पुरवठ्याच्या साऱ्या साखळीत मला सर्वांत जास्त काळजी या प्लास्टिकच्या पेटीची वाटते.

नेहमीची पेटी आधी पाहू. बाहेरून प्लास्टिक, आत पॉलियुरेथेन फोमचा जाड थर, घट्ट बसणारे झाकण आणि खांद्याचा पट्टा. चारही बाजूंना चार आइस पॅक उभे बसतात आणि मधल्या चौकोनी जागेत झिपच्या पिशवीत गुंडाळलेल्या साधारण सोळा ते वीस कुप्या मावतात. गावपातळीवरच्या एका सत्राला एवढी जागा पुरते. बांधणी दणकट असते. मोटारसायकलच्या मागे बांधलेली पेटी घाटात दोनदा पडली, पण तिच्या कोपऱ्याला ओरखड्याखेरीज काही झाले नाही. थंडावा टिकवण्याच्या बाबतीतही तिच्याविषयी तक्रार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीत बाहेर ४३ अंश तापमान असताना अशी पेटी किमान पंधरा तास टिकावी लागते. मात्र ही कसोटी झाकण एकदाही न उघडता घेतली जाते, हे विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. आमच्या सत्रात तीस बालके आली तर झाकण तीस-चाळीस वेळा उघडते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या अंगणवाडीत बर्फ दुपारपर्यंत निम्मा विरघळलेला असतो. तरीही सकाळी नीट भरलेली पेटी सत्र संपेपर्यंत मला कधी कमी पडलेली नाही.

या पेटीचा खरा दोष उलट बाजूचा आहे, आणि तो नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. लस म्हटले की थंड ठेवायची आणि जितकी थंड तितकी चांगली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीपुरता तो बराचसा खरा आहे, कारण ती उष्णतेने फार लवकर खराब होते आणि गोठल्याने तिचे बिघडत नाही. पण हिपॅटायटिस-बी, पाच रोगांवरची एकत्रित पेंटाव्हॅलंट (थोडक्यात पेंटा), डीपीटी, धनुर्वात-घटसर्पाची टीडी या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. त्या गोठल्या की त्या क्षाराचे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि पुन्हा वितळल्यावर लस दिसायला जवळपास तशीच राहिली तरी तिचा गुण गेलेला असतो. हिपॅटायटिस-बी तर शून्याच्या किंचित खाली गेली तरी गोठते. कुपीवर चिकटवलेला व्हीव्हीएमचा ठिपका फक्त उष्णता दाखवतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. गोठण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. उष्णतेने खराब झालेली लस ओळखता येते. गोठून गेलेली लस मात्र बहुधा कोणाच्याही नकळत बाळाच्या मांडीत टोचली जाते, आणि आई समाधानाने घरी जाते. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

डीप फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक उणे पंधरा ते वीस अंशांवर असतो. तो तसाच पेटीत घातला तर पहिल्या तासा-दोन तासांतच आतले तापमान शून्याखाली उतरते. यावर उपाय म्हणून आइस पॅकचे ‘कंडिशनिंग’ करायचे असते: पॅक बाहेर टेबलावर एकमेकांपासून सुटे मांडायचे, त्यांच्या अंगावर घाम सुटू द्यायचा, आणि कानाजवळ धरून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच पेटीत बसवायचे. त्या अवस्थेत बर्फ आणि पाणी एकत्र असल्यामुळे पॅक शून्य अंशावर स्थिर झालेला असतो. किती मिनिटे लागतील, याला ठरावीक उत्तर नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत पाणी खळखळू लागते. डिसेंबरातल्या पहाटे मात्र तासभर होऊनही पॅक दगडासारखाच असतो. काही ठिकाणी बर्फ लवकर व्हावा किंवा जास्त टिकावा म्हणून पाण्यात मीठ घालताना मी पाहिले आहे. तसे कधीही करू नये, कारण मिठाच्या पाण्याचा बर्फ शून्याच्या बराच खाली वितळतो आणि मग कंडिशनिंगला काही अर्थच उरत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक सकाळ मी विसरलेलो नाही. तेव्हा मी दुसऱ्या एका केंद्रात होतो. रात्रभर वीज जात-येत राहिल्यामुळे पॅक उशिरा गोठले होते, पेट्या नेणारी गाडी साडेसातलाच दारात उभी होती, आणि पहिले गाव दूरचे असल्याने चालकाची घाई रास्त होती. तीन पेट्यांचे पॅक टेबलावर दहा मिनिटेही राहिले नाहीत. साडेदहाच्या सुमाराला उपकेंद्राच्या सिस्टरांचा फोन आला, “सर, पेंटाच्या बाटलीत बर्फाची सळई दिसतेय.” पॅकला टेकलेल्या दोन्ही कुप्या गोठल्या होत्या. सिस्टरांची नजर तयार होती म्हणून ते लक्षात तरी आले. त्या पिशवीतल्या गोठण्याने बिघडणाऱ्या सगळ्याच कुप्या आम्ही बाद ठरवल्या आणि इतर दोन पेट्याही परत मागवल्या. एका पाड्यावरून सहा मैल चालून आलेल्या दोन बायांना, “मावशी, पुढच्या आठवड्यात या,” असे सांगावे लागले. त्यांतली एक पुढच्या आठवड्यात आली, दुसरी वीटभट्टीवर निघून गेली होती. तिच्या बाळाचा पुढचा डोस कुठे झाला, की झालाच नाही, हे मला अखेरपर्यंत कळले नाही. बाद झालेल्या कुप्या वहीत ‘वाया’ या रकान्यात लिहिल्या जातात. न झालेल्या डोसासाठी त्या वहीत रकाना नाही.

आता नवी पेटी. पहिल्या फ्रीझ-फ्री कॅरिअरला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१८ मध्ये मिळाली आणि त्यानंतर असे आणखी नमुने आले. कल्पना साधी आहे. आइस पॅक आणि कुप्या यांच्यामध्ये आणखी एक आवरण असते. ते बर्फाची सुरुवातीची जहाल थंडी स्वतःकडे घेते आणि कुप्यांपर्यंत ती हळूहळू पोचू देते. त्यामुळे डीप फ्रीझरमधले पॅक कंडिशनिंगशिवाय सरळ पेटीत घालता येतात. जिथे सकाळी सहाला एकच माणूस पाच पेट्या भरतो, तिथे ही सोय किती मोठी आहे, हे ते काम केलेल्यालाच समजेल.

निर्मात्याच्या पत्रकावर विसंबून न राहता मी तीन वेगवेगळ्या दिवशी दोन्ही पेट्यांत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे ठेवून पाहिली. कुप्यांच्या जागी पाण्याने भरलेल्या रिकाम्या कुप्या ठेवल्या, म्हणजे खऱ्या लसीला धोका नको. कंडिशनिंग न केलेले पॅक घातल्यावर जुनी पेटी तिन्ही वेळा पहिल्या दोन तासांत शून्याखाली गेली. नवी पेटी एकदाही गेली नाही. कंडिशनिंग नीट केलेली जुनी पेटी मात्र दिवसभर नव्या पेटीइतकीच चांगली वागली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. याचा अर्थ असा, की कुशल आणि सवडीत असलेल्या माणसाच्या हातात जुन्या पेटीत काही कमी नाही. नवी पेटी घाईच्या, वीज गेलेल्या, नवशिक्या हाताच्या सकाळी लस वाचवते. आणि आरोग्य केंद्रात तशा सकाळी वरचेवर येतात.

नव्या पेटीची किंमत केवळ रुपयांत मोजून चालणार नाही. ती महाग आहेच, पण त्याहून मोठी अडचण वजनाची आहे. मधले आवरण आणि जास्तीचा बर्फ यांमुळे भरलेली पेटी जुन्या पेटीपेक्षा स्पष्टपणे जड लागते. गाडीचा रस्ता संपल्यावर ओहोळ ओलांडून दोन टेकड्या चढणाऱ्या आशाताईंना तो फरक खांद्यावर जाणवतो. आमच्या एका ताईंनी पहिल्याच दिवशी, “दादा, ही पेटी गाडीच्या गावाला द्या, माझ्या पाड्याला जुनीच बरी,” असे सांगितले आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. शिवाय कुप्यांची जागा थोडी कमी पडते. शाळेतल्या टीडीच्या मोहिमेसारखे मोठे सत्र असेल तर एका नव्या पेटीत भागत नाही. सकाळी तिला लागणारा बर्फही जास्त असतो, आणि डीप फ्रीझर लहान असेल तर आदल्या दिवशीच तेवढे पॅक तयार होतील का, याचा हिशेब करावा लागतो. पेटी घेण्याआधी हा हिशेब प्रत्येक केंद्राने करावा. फ्रीझरची क्षमता न पाहता आलेल्या पेट्या कपाटावर पडून राहतात.

पेटी कितीही चांगली असली तरी ती कशी भरली आणि कशी वापरली, यावर निकाल ठरतो. आदल्या दिवशी सिस्टर गावाची ड्यू लिस्ट, म्हणजे ज्यांना डोस द्यायचा आहे त्यांची यादी, देतात, तिच्यावरून कुप्यांची संख्या ठरते. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी सोबतच्या द्रावकात मिसळून द्याव्या लागतात. हा द्रावक आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये ठेवून लसीइतकाच थंड करायचा आणि तिच्याच पेटीतून पाठवायचा. द्रावक मागे राहिला की सत्र वाया जाते. एकदा मिसळलेली लस चार तासांनंतर वापरता येत नाही, म्हणून कुपीवर वेळ लिहिणे सक्तीचे आहे. आमच्याकडच्या आइस पॅकवर कुपी उभी ठेवण्यासाठी खळगे असतात. मिसळलेली बीसीजी, गोवर-रुबेला किंवा पोलिओची कुपी त्यांत ठेवायला हरकत नाही, पण पेंटा किंवा टीडी तिथे ठेवू नये. सवयीने सगळ्याच कुप्या पॅकवर मांडल्या जातात, आणि प्रशिक्षणात पुन:पुन्हा सांगूनही ही चूक पूर्ण जात नाही.

पेंटा, पोलिओ, हिपॅटायटिस-बी यांच्या उघडलेल्या कुप्या ओपन व्हायल पॉलिसीनुसार अठ्ठावीस दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येतात, मात्र त्या सत्रातून परत येईपर्यंत थंड राहिल्या असतील तरच. संध्याकाळी पेटी परत आल्यावर मी सर्वांत आधी पॅक हलवून पाहतो. आत बर्फाचा तुकडा शिल्लक असेल तर कुप्या तपासून, तारीख पाहून आयएलआरमध्ये ‘आधी वापरा’च्या पेटीत जातात. पॅकमध्ये नुसते पाणी असेल तर उघडलेल्या कुप्या बाद. नव्या पेटीने या बाबतीत निराश केले नाही. उन्हाळ्यातही परतीला तिच्यात बर्फ उरत होता. पेट्या नेण्या-आणण्यासाठी वेगळा माणूस असण्याची पद्धतही इथे महत्त्वाची आहे. पूर्वी आरोग्यसेविका स्वतः केंद्रात येऊन पेटी नेत आणि सत्र अकराच्या पुढे सुरू होई. आता पेटी नऊच्या आत गावात पोचते आणि सिस्टरांचा वेळ लसीकरणाला मिळतो.

काही किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. एका खेपेत आलेल्या जुन्या पेट्यांच्या झाकणाची बिजागरी सहा महिन्यांत तुटली आणि सुटे भाग मिळालेच नाहीत. झाकण दोरीने बांधून काम चालवावे लागले, आणि दोरीने बांधलेले झाकण घट्ट बसत नाही. आइस पॅकची बुचे गळतात, मग झिपच्या पिशवीत पाणी शिरून कुपीची लेबले सुटतात, आणि लेबल सुटलेली कुपी वापरता येत नाही. नव्या पेटीचे आतले आवरण धुवायला अवघड आहे. त्याच्या कोपऱ्यात ओल राहून वास येतो. वापरानंतर पेटी पुसून झाकण उघडे ठेवून सुकवावी, एवढी शिस्त पाळली तरी हा त्रास बराच कमी होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने कोविडच्या सुमारे तीनशे डोसांची पोच झाली, आणि रस्त्याने जिथे चाळीस मिनिटे लागतात ते अंतर साधारण नऊ मिनिटांत कापले गेले. पावसाळ्यात पूल पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी हे मला फार आशादायक वाटते. पण ड्रोन उतरल्यावरही लस सत्र संपेपर्यंत कोणत्या तरी पेटीतच राहणार आहे, म्हणून पेटीचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेडिकलमधून लस घेतली की दुकानदार बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाच्या खड्यांवरच कुपी किंवा भरलेली सिरिंज ठेवून देतो. बर्फ वितळत असेल तर धोका कमी, पण फ्रीझरमधून नुकताच काढलेला जेल पॅक असेल तर लस गोठू शकते. खोक्यातून लस बाहेर काढू नका, बर्फ आणि खोके यांच्यामध्ये जाड कागदाची किंवा रुमालाची घडी ठेवा, वाटेत कुठे थांबू नका, आणि घरी नेऊन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तर कधीच ठेवू नका. शक्य असेल तर जिथे टोचायची तिथेच साठवलेली लस घ्या. सरकारी केंद्रात लसीकरण कार्यक्रमातल्या लसी मोफत मिळतात, आणि तिथल्या फ्रिजच्या तापमानाची नोंद दिवसरात्र होत असते.

खासगी दवाखान्याला अधूनमधून शिबिरासाठी पेटी लागत असेल आणि ती भरणारा माणूस बदलता असेल, तर जास्त पैसे देऊन फ्रीझ-फ्री पेटीच घ्यावी, असे माझे मत आहे. आमच्या केंद्रासाठी या वर्षीच्या मागणीपत्रात मी गाडी पोचणाऱ्या चार गावांपुरत्या चार नव्या पेट्या मागितल्या आहेत. चढणीच्या तीन पाड्यांना जुन्याच पेट्या ठेवल्या असून त्यांचे पॅक रोज मी स्वतः कानाला लावून भरतो. सोबत चाळीस जादा आइस पॅक, बुचे आणि बिजागऱ्या वेगळ्या ओळीत लिहिल्या आहेत, कारण गेल्या वेळी त्या पेटीच्याच ओळीत लिहिल्या होत्या आणि फक्त पेट्या आल्या.